मुंबई लष्करांतील लायकी आणि जात

कोरेगांव येथें भीमेच्या कांठीं उभ्या असलेल्या स्तंभावर ता. १ जानेवारी १८१८ च्या लढाईंत पडलेल्या कंपनीच्या शिपायांचीं ४९ नांवें कोरलेलीं आहेत. त्यांपैकीं २२ नांवांच्या शेवटीं ‘नाक’ हें पद आहे. जुने महजर व वतनी कागद ज्यांच्या हाताखालून गेले आहेत त्यांस तें महारांच्या नांवांस लागतें, हें सांगावयास नको. उरलेलीं नांवें इतर जातींचीं व धर्मांचीं आहेत. पलटणींत अशी सरमिसळ असणें हा मुंबई लष्कराचा परिपाठच होता.

बंगाल्यांतील प्रकार निराळा. तेथील पायदळांत अवध व बिहार या प्रांतांतील ब्राह्मण व रजपूत यांचा भरणा मोठा, आणि बढती मिळावयाची ती नोकरीच्या वर्षांवर. शिपाई म्हातारा व्हावा तेव्हां सुभेदार व्हावा. मुंबईस बढतींत लायकी पाहात, आणि रांगेंत उभें राहिल्यावर जातीची सबब चालूं देत नसत. महार सुभेदाराचा हुकूम उच्चवर्णीय शिपायास मानावाच लागे. सिंधमधील घोडदळाचा प्रसिद्ध सरदार जॉन जेकब यानें बंगाली पद्धतीवर याच दोन मुद्द्यांवरून कडक टीका केली होती. पुढें १८५७ सालीं बंगालचें बहुतेक पायदळ उठलें. मुंबईकडे कोल्हापूरची २७ वी पलटण व आणखी थोडीं ठिकाणें सोडलीं तर शांतता राहिली. एवढ्यावरून जेकबचें म्हणणें सिद्ध झालें असें आम्ही म्हणत नाहीं. कारणें पुष्कळ होतीं. तथापि १८५९ सालीं पील कमिशननें दोन्ही मुद्दे उचलले: पलटणींत निरनिराळ्या जाती मिसळाव्या, आणि बढती नोकरीच्या वर्षांपेक्षां कर्तबगारीवर द्यावी. यांत समतेची कळकळ शोधूं नये. शिपायांच्या एकजुटीचें भय हेंच मिश्रणाचें मुख्य कारण.

१८८५ ते १८९३ पर्यंत हिंदुस्थानचे सरसेनापति असलेले लॉर्ड रॉबर्ट्स यांनीं हा क्रम फिरविला. खऱ्या लढाऊ जाती उत्तरेकडच्या, दक्षिणेकडील लोक शांततेनें मऊ पडले, हें त्यांचें मत. कंपन्या जातवार होऊं लागल्या, आणि १८९२ च्या सुमारास महारांची भरती बंद झाली. कारण पुढें केलें तें लायकीचें. आमच्या मतें तें टिकत नाहीं. ज्यांचीं नांवें सरकारनेंच दगडांत कोरलीं, ज्यांतून लष्करी शाळेचे मुख्याध्यापक झालेले रामजी सकपाळ यांच्यासारखे सुभेदार निपजले, ते लायकींत कोठें उणे पडले? जातवार कंपनी केली म्हणजे जिची कंपनी नाहीं त्या जातीच्या माणसास जागाच उरत नाहीं, आणि जिची आहे त्या जातीच्या माणसाचीही बढती जातीच्या जागांपुरती अडते.

१८९४ सालीं निवृत्त हवालदार गोपाळबाबा वलंगकर यांनीं सरसेनापतींस उद्देशून विनंतिपत्र लिहिलें. त्यांत भरतीची मागणी आहेच, पण आपण मूळचे क्षत्रिय असाही दावा आहे. येथें आम्हांस थोडें थांबावेंसें वाटतें. जोतीराव फुले यांच्या विचारांचा हा मनुष्य कुळाचा दाखला कां देतो? प्रतिपक्षानें जन्म हीच कसोटी ठरविल्यावर त्याच कसोटीनें उत्तर देणें त्यास भाग पडलें असावें. १९१० सालच्या शिवराम जानबा कांबळे यांच्या अर्जांत मागणें आहे तें सैन्यांतील व पोलिसांतील शिपायाच्या साध्या जागांचें. ज्यांचे वडील-आजे सुभेदार झाले त्यांनीं शिपाईगिरीसाठीं हात जोडावे, हें वाचून मन खिन्न होतें.

पहिल्या महायुद्धांत माणसें कमी पडतांच १९१७ मध्यें १११ वी महार पलटण उभी राहिली. १९२१ मध्यें ती मोडली. दुसऱ्या महायुद्धांत, १९४१ मध्यें, बेळगांव येथें महार रेजिमेंट उभी झाली. ती टिकली, आणि पुढें तींत इतर जातींच्या व प्रांतांच्या लोकांचीही भरती झाली. युद्धकाळीं लायकी यावी व तह होतांच जावी, हा चमत्कार रॉबर्ट्ससाहेबांच्या उपपत्तींत बसत नाहीं.

या वादाचा पक्का निर्णय लावावयाचा तर बंदीपूर्वींच्या बढत्या कोणास, किती वर्षांच्या नोकरीनंतर मिळाल्या, हें माणसागणिक कळलें पाहिजे. महाड, दापोली, सातारा या बाजूंस जुन्या पेन्शनरांच्या वंशजांच्या घरीं रजेचे दाखले, पेन्शनीचे कागद, बिल्ले असण्याचा संभव आहे. संग्राहकांचें लक्ष सनदा व बखरींकडे असतें. असले चिटोरे रद्दींत जातात. कोणास आढळल्यास नांव, पलटण, हुद्दा व साल यांची नक्कल करून घ्यावी. मूळ कागद घरच्यांपाशींच राहूं द्यावा.