बंदुकीची पेटी : ओकच्या लाकडापासून विमानतळावरील कुलुपापर्यंत

५ जानेवारी १९७३. या दिवसापासून अमेरिकेतील विमानतळांवर प्रत्येक प्रवाशाची आणि त्याच्या हातातील सामानाची तपासणी सक्तीची झाली. धातुशोधक चौकटीतून जाणे आज इतके अंगवळणी पडले आहे की, त्यापूर्वी माणसे विमानात जवळजवळ एसटीत चढावी तशी चढत, हे तरुण वाचकास खरे वाटणार नाही. त्या काळाने अनेक वस्तूंचे रूप पालटले. त्यांपैकी एक वस्तू इतिहासाच्या पुस्तकांत सहसा येत नाही : शिकारी रायफलीची पेटी. हा धागा तिच्याविषयी.

आरंभ एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडपासून करावा लागतो. लंडन आणि बर्मिंगहॅम येथील कारागीर उत्तम बंदुकीबरोबर तिची पेटीही देत. ओकच्या लाकडाचा सांगाडा, वरून जाड चामडे, कोपऱ्यांना पितळ, आतून लाल किंवा हिरवी बनात, आणि झाकणाच्या आतल्या बाजूस कारागिराच्या नावाची छापील चिठ्ठी. बनातीखाली लाकडी पट्ट्यांचे लहान लहान कप्पे असत : नळीचा एक, दस्त्याचा एक, तेलाच्या कुपीचा एक, नळी साफ करण्याच्या गजाचा एक. प्रत्येक भाग आपल्या जागी घट्ट बसे, हलत नसे. पेटीचे सारे शास्त्र या न हलण्यात होते, आणि ते आजही तेच आहे.

ही पेटी आखूड असे. दुनळी बंदुकीची पुढची लाकडी पट्टी काढली की नळ्या बिजागरीवरून सुटतात. मग पेटीची लांबी नळीहून थोडीच अधिक लागते. सुमारे अडीच फुटांची ती पेटी आगगाडीच्या बाकाखाली किंवा बोटीच्या खोलीत सहज मावे आणि हमालाच्या डोक्यावरही तोल न जाता राही. उष्ण प्रदेशांत तिचे शत्रू मात्र निराळे होते. चामड्याला बुरशी लागे, बनात ओल धरून ठेवी आणि नळीवर गंज चढे. काडतुसे तर झाळून बंद केलेल्या पत्र्याच्या डब्यांतून पाठवली जात. कोकणातील पावसाळा ज्याने पाहिला आहे त्याला याचे कारण सांगावे लागणार नाही.

२३ मार्च १९०९ रोजी थिओडोर रूझवेल्ट न्यूयॉर्कहून आफ्रिकेस निघाले. राष्ट्राध्यक्षपद सोडून त्यांना तीन आठवडेही झाले नव्हते. स्मिथसोनियन संस्थेसाठी प्राण्यांचे नमुने जमवणे हा मोहिमेचा जाहीर हेतू होता. सोबत हॉलंड अँड हॉलंडची दुनळी रायफल होती, जी इंग्रज चाहत्यांनी वर्गणी काढून भेट दिली होती. शिवाय विंचेस्टर आणि स्प्रिंगफील्ड बनावटीच्या रायफली. मोंबासाला ते २१ एप्रिलला उतरले. म्हणजे सुमारे महिनाभर त्या बंदुका माणसांच्याच हातून उचलल्या-ठेवल्या गेल्या, आणि उचलणाऱ्याला त्यांचा मालक कोण हे ठाऊक होते. पुढे जे बदलले ते समजण्यासाठी ही गोष्ट लक्षात ठेवावी.

याच सुमारास बंदूकही बदलत होती. जर्मनीतील माउझर कारखान्याच्या १८९८ च्या रचनेवर बेतलेल्या, खिट्टी मागेपुढे सरकवून काडतूस भरण्याच्या रायफली शिकाऱ्यांत रूढ झाल्या. चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्यानंतर जिम कॉर्बेट यांना १९०७ मध्ये भेट मिळालेली रिग्बी रायफल याच जातीची. ती हलकी, स्वस्त आणि अचूक होती. अडचण एवढीच की, नळी दस्त्यापासून चटकन सुटत नसे. काही कारागिरांनी सुटी होणारी नळी करून पाहिली, पण बहुसंख्य रायफली अखंडच राहिल्या. पेटी त्यामुळे अडीच फुटांवरून चार फुटांच्या पुढे गेली. जितकी लांब पेटी, तितकी ती मधोमध वाकण्याची भीती मोठी. आजच्या प्रवाशाची निम्मी डोकेदुखी या एका बदलातून आली आहे.

उरलेली निम्मी दुर्बिणीतून आली. दुसऱ्या महायुद्धानंतर शिकारी रायफलीवर दुर्बीण बसवणे सर्रास झाले. दुर्बीण दोन कड्यांनी नळीच्या वर धरलेली असते. या दोन कड्यांत दहा सेंटिमीटर अंतर आहे असे समजा. प्रवासातील धक्क्याने त्यांतील एक कडे मिलिमीटरच्या केवळ तीन शतांश भागाने सरकले, तर शंभर यार्डांवर गोळी सुमारे पावणेतीन सेंटिमीटर बाजूला पडते आणि तीनशे यार्डांवर आठ सेंटिमीटरहून अधिक. तीन शतांश मिलिमीटर म्हणजे केसाच्या जाडीहूनही कमी. ओकच्या पेटीतील दुनळीला धक्का बसला तर पॉलिश जाई, मालकाला वाईट वाटे. दुर्बिणीच्या रायफलीला धक्का बसला तर बाहेरून काहीच दिसत नाही; ते कळते जनावर जखमी होऊन झाडीत शिरल्यावर. जाणते शिकारी मुक्कामी पोहोचताच आधी कागदी लक्ष्यावर दोन-चार गोळ्या झाडून नेम पडताळतात, तो याचसाठी.

आता विमान. १९५८ च्या ऑक्टोबरात पॅन ॲमचे बोइंग ७०७ अटलांटिक ओलांडू लागले आणि महिन्याच्या प्रवासाचे तास झाले. सामान आता ओळखीच्या हमालाच्या डोक्यावर नव्हते. ते सरकत्या पट्ट्यांवरून, गाड्यांवरून, शेकडो बॅगांच्या ढिगाखालून जाऊ लागले. चामड्याची देखणी पेटी त्या ढिगाखाली किती टिकणार?

उपाय शिकारीच्या क्षेत्राबाहेरून आला. तेलविहिरींना सिमेंट भरण्याच्या धंद्यात नाव काढलेले अर्ल हॅलिबर्टन यांना टेक्सासच्या तेलक्षेत्रांत ट्रकमधून फिरताना धुळीचा वैताग येई; सामान्य बॅगा फाटत आणि आत धूळ शिरे. १९३८ मध्ये त्यांनी ॲल्युमिनियमची बॅग बनवून घेतली. (या गृहस्थांनी त्याआधी एक विमान कंपनीही चालवली होती.) ॲल्युमिनियमच्याच पेट्यांतून १९६९ मध्ये चंद्रावरचे खडक पृथ्वीवर आले. धातूच्या पेटीची ख्याती अशी झाली, आणि बंदुकांसाठीही लांब ॲल्युमिनियमच्या पेट्या लोकप्रिय ठरल्या. ॲल्युमिनियमला एक खोड आहे : ते पोचते आणि पोचलेलेच राहते. झाकणाची कड वाकली की कड्या जुळत नाहीत.

दरम्यान जग विमान-अपहरणांनी हादरत होते. १९६८ ते १९७२ या पाच वर्षांत एकट्या अमेरिकेत शंभराहून अधिक अपहरणे किंवा तसे प्रयत्न झाले. भारतानेही ३० जानेवारी १९७१ रोजी श्रीनगर-जम्मू मार्गावरील ‘गंगा’ हे विमान लाहोरला नेलेले पाहिले. अपहरणकर्त्यांकडील पिस्तूल आणि हातबाँब दोन्ही खोटे होते, विमान मात्र खरोखर जाळले गेले. प्रवाशाजवळची बंदूक, मग ती कोणाचीही असो, आता विमान कंपनीच्या लेखी धोका होती.

येथे पेटीचे काम उलटले. शतकभर ती बंदुकीला जगापासून जपत आली होती. आता जगाला बंदुकीपासून जपण्याचा भारही तिच्यावर पडला. अमेरिकेच्या आजच्या नियमाचे शब्द याच भूमिकेतून आले आहेत : बंदूक रिकामी असावी, ती आपण नेत आहोत हे प्रवाशाने विमान कंपनीस सांगावे, पेटी कठीण कवचाची व कुलूपबंद असावी, आणि किल्ली अथवा आकड्यांची जुळणी केवळ त्या प्रवाशाकडे राहावी. काडतुसांसाठी आंतरराष्ट्रीय हवाई वाहतुकीत प्रवाशामागे पाच किलोंची मर्यादा आहे. बनातीच्या रंगाविषयी नियम अर्थातच काही म्हणत नाही. कोपरा मात्र त्याला महत्त्वाचा वाटतो : कुलूप लावूनही कोपरा बोटांनी उचकटून आत हात जात असेल, तर ती पेटी बंद आहे असे मानले जात नाही. स्वस्त, पातळ प्लास्टिकच्या लांब पेट्या येथेच फसतात. मधोमध एक कुलूप आणि दोन्ही टोके फुललेली, हे दृश्य त्यांच्याबाबत नेहमीचे.

कुलुपाची उपकथा मोठी गमतीची आहे. तपासनिसांना बॅग उघडता यावी म्हणून सार्वत्रिक किल्लीने उघडणारी कुलुपे निघाली. २०१४ मध्ये त्या सार्वत्रिक किल्ल्यांचे छायाचित्र एका मोठ्या अमेरिकी वृत्तपत्रात छापले गेले आणि २०१५ मध्ये त्यावरून त्रिमितीय छपाईचे आराखडे इंटरनेटवर फिरू लागले. बंदुकीच्या पेटीस अशी कुलुपे लावण्यास अमेरिकेचा सुरक्षा विभाग मनाई करत नाही; तथापि किल्ली एकट्या प्रवाशाकडे हवी म्हणणाऱ्या नियमाशेजारी ती शोभत नाहीत. जाड कडीची साधी कुलुपे, आणि तीही पेटीला असतील तितक्या सर्व भोकांत, हा शहाणपणाचा मार्ग.

आजची प्रचलित पेटी पाणबुड्यांच्या जगातून आली. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियात डेव्ह पार्कर या पाणबुड्याने पेलिकन कंपनी सुरू केली. जाड प्लास्टिकचे कवच, कडेला रबरी कडे, आत फोम. पाणी रोखणारी पेटी हवाही रोखते, आणि तेथे विमानाचा प्रश्न उभा राहतो. प्रवासी विमानातील हवेचा दाब सुमारे आठ हजार फूट उंचीवरील दाबाइतका, म्हणजे जमिनीवरच्या तीन चतुर्थांश असतो. सव्वा मीटर लांब आणि पस्तीस सेंटिमीटर रुंद झाकणावर हा फरक टनाहून अधिक जोर टाकतो. वर गेल्यावर झाकण फुगू पाहते. उंचावर आतली हवा थोडी निसटली, तर उतरल्यावर ते असे चिकटते की उघडता उघडत नाही. म्हणून अशा पेट्यांना हवा जाऊ देणारी पण पाणी अडवणारी झडप असते. पेटी निवडताना ती बटणाएवढी वस्तू आधी पाहावी. फोमही पारखावा : स्पंजासारखा, पाणी शोषणारा फोम गंजाला आमंत्रण देतो. थंड पोटातून उतरलेल्या पोलादावर दमट हवेत दव साचतेच. मुक्कामी पेटी उघडून नळी पुसण्याचा जुना इंग्रजी रिवाज त्यामुळे सुटलेला नाही.

वजनाचे गणित निर्दय आहे. दुर्बिणीसह रायफल चार किलोंची, फोमसह भक्कम पेटी दहा-बारा किलोंची. दोन रायफली ठेवल्या तर वीस किलो झाले. तेवीसच्या मर्यादेत मग काडतुसांचे पाच किलो बसत नाहीत. हलकी पेटी घ्यावी तर कोपरे लवतात, भक्कम घ्यावी तर तराजू आडवा येतो. हॉलंड अँड हॉलंडच्या ग्राहकाला ही चिंता नव्हती. त्याची पेटी दुसराच कोणी उचलत असे.

भारतात या कथेला वेगळे वळण मिळाले. १९७० मध्ये वाघाच्या शिकारीवर देशभर बंदी आली, १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा झाला, आणि संस्थानिकांच्या व परदेशी पाहुण्यांच्या शिकारी संपल्या. कोल्हापूरच्या नव्या राजवाड्यातील संग्रहालयात त्या काळाची शस्त्रे आणि पेंढा भरलेली जनावरे आजही पाहता येतात. त्याच कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर रायफल प्रकारात जागतिक विजेतेपद मिळवले. त्याच जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी फ्रान्समधील शातोरू येथे ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये ऑलिंपिक कांस्यपदक जिंकले. नेमबाजाची रायफल कागदी लक्ष्यासाठी असली, तरी विमानतळावर तिला शिकाऱ्याच्या रायफलीसारखेच कठीण कवच, कुलूप, परवाना आणि खिडकीपाशी द्यावी लागणारी तीच कबुली लागते.