कडेवरच्या मुलाची मुंबई

नाताळची सुट्टी मुंबई इलाख्यात इंग्रजी कारभाराबरोबर आली. डिसेंबरच्या अखेरीस कोर्टकचेऱ्या बंद राहत, सरकारी दफ्तरे थंडावत आणि त्यांच्या मागोमाग शाळांनाही सुट्टी मिळे. ज्या घरांत नाताळ साजरा होण्याचा प्रश्नच नव्हता, त्यांच्याही पदरात वर्षाच्या शेवटी हे मोकळे दिवस पडले. दिवाळीची सुट्टी सणात जाई, मे महिन्याची आजोळी. नाताळच्या सुट्टीला घरचे कार्य नसे, त्यामुळे 'मुंबई बघायला' जाण्यासाठी ती सोयीची ठरली. तान्हे किंवा नुकते चालू लागलेले मूल बरोबर असेल, तर सोयीपेक्षाही ती गरजेची होती.

याचे कारण हवेत आहे. मुंबईत जून ते सप्टेंबर पाऊस, ऑक्टोबरात उकाडा आणि मार्चपासून पुन्हा घामाच्या धारा. डिसेंबर-जानेवारीत दुपारचा पारा साधारण 30-31 अंशांवर थांबतो, पहाटे 17-18 पर्यंत उतरतो आणि दमटपणा ओसरतो. 22 जानेवारी 1962 रोजी सांताक्रूझला 7.4 अंशांची नोंद झाली होती, पण तो अपवाद. पुणे-नाशिककडच्या थंडीत बाळाच्या डोक्यावर घट्ट बांधलेली कुंची मुंबई जवळ आली की सोडावी लागे, एवढीच इथली थंडी.

कोकणातल्या माणसाला हिवाळ्याचे आणखी एक कारण होते. वेंगुर्ले, मालवण, देवगड, रत्नागिरीहून मुंबईला येण्याचा मुख्य मार्ग दीर्घकाळ आगबोटीचा होता आणि पावसाळ्यात या बोटी बंद राहत. दिवाळीनंतर समुद्र शांत झाला, शेतीची कामे आवरली, की बायका-मुलांचा प्रवास सुरू होई. बहुतेक बंदरांत बोट धक्क्याला लागत नसे. ती खोल पाण्यात उभी राही आणि उतारूंना पडावातून तिच्यापर्यंत नेत. हलत्या पडावातून बोटीच्या शिडीवर पाय ठेवताना आई मूल आधी वरच्या खलाशाच्या हातात देई आणि मग स्वतः चढे. पुढची रात्र डेकवर वळकटी पसरून काढायची, आणि बोट लागली तर आईचे आणि मुलाचे दोघांचेही हाल. लांबच्या बोटी बंद असताना, 17 जुलै 1947 रोजी, मुंबईहून जवळच्या रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडून सहाशेहून अधिक माणसे गेली. भर पावसाळ्यातल्या त्या अपघातानंतर लेकरू घेऊन बोटीत बसण्याची धास्ती किनारपट्टीच्या घराघरांत बसली.

देशावरच्यांची वाट लोखंडी होती. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदर-ठाणे गाडी सुरू झाली, तरी पुण्याच्या बाजूने सलग प्रवास शक्य झाला तो 1863 मध्ये बोरघाटातला मार्ग खुला झाल्यावर. 1 जून 1930 पासून दख्खनची राणी धावू लागली. पण सुरुवातीला तिला तिसरा वर्गच नव्हता. साधी कुटुंबे हळू गाड्यांनीच येत राहिली. हळू गाडीचा मुलांना फायदाच होता. प्रत्येक स्थानकावर ती थांबे, खाली उतरून नळावर हातपाय धुता येत आणि कर्जतला खायला काहीतरी मिळे. 1 जून 1948 रोजी पुणे-नगर मार्गावर पहिली एसटी धावल्यावर रेल्वेपासून लांबच्या गावांनाही वाट झाली. पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट नाही आणि बारापर्यंत अर्धे, हा नियम एसटीच्या वाहकापुढे किती मुलांची वये कमी करून गेला, याची मोजदाद कुठल्याच दफ्तरात नाही.

मुंबईत उतरायचे कुठे, हा प्रश्न सहसा एका पोस्टकार्डाने सुटे. गिरगाव, परळ, लालबाग, नायगाव इथल्या चाळींत कोणी ना कोणी नात्याचे असेच. 1920 च्या दशकात उभ्या राहिलेल्या बीडीडी चाळींतली खोली सुमारे 160 चौरस फुटांची, संडास मजल्याच्या टोकाला आणि तोही सामायिक. त्या खोलीत आधीच सात-आठ माणसे राहत असताना पाहुणे चार दिवस सामावून जात. पुरुष गॅलरीत झोपत आणि लहान मुलाला एका जागी बसवून ठेवण्याची गरजच पडत नसे, कारण मजल्यावरच्या वीस दारांपैकी कुठल्या तरी एकात ते खेळत असे. ज्यांचे कोणी नव्हते, त्यांच्यासाठी धर्मशाळा होत्या आणि मध्यमवर्गाला परवडणारी लॉजिंग-बोर्डिंगची घरे होती. तिथे मूल रात्री रडले, तर शेजारच्या खोलीतून भिंतीवर थाप पडे.

शहरात काय पाहायचे याची यादी सगळेच करतात. पण लहान मुलाच्या दृष्टीने मुंबईचा खरा इतिहास पाण्याचा आणि दुधाचा आहे, आणि त्याकडे सहसा कोणी पाहत नाही. विहार तलावाचे पाणी 1860 मध्ये नळाने येईपर्यंत हे शहर विहिरी आणि तळी यांवर जगत होते. पटकी ही दरवर्षीची पाहुणी होती. 1879 मध्ये तुळशी आणि 1892 मध्ये तानसा तलावाची भर पडली. देवीची लस भारतात सर्वप्रथम टोचली गेली तीही मुंबईतच, 14 जून 1802 रोजी, अ‍ॅना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला. तरी 1896 मध्ये मांडवीत प्लेग उद्भवला तेव्हा उलटा प्रवास सुरू झाला. हजारो कुटुंबे मुले घेऊन मुंबईतून पळाली, रेल्वे स्थानकांवर उतारूंची तपासणी होऊ लागली आणि पुढची काही वर्षे मूल घेऊन मुंबईची हौस करणे कोणाच्या मनातही येण्यासारखे नव्हते.

दुधाची गोष्ट याहून उशिराची. शहरातल्या म्हशी शहरातच, दाटीवाटीच्या तबेल्यांत बांधलेल्या असत. दूध ताजे असे, पण त्यातले पाणी कुठल्या विहिरीचे हे भैयालाच ठाऊक. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात टंचाई वाढल्यावर सरकारने दूधपुरवठ्यात हात घातला. दारा खुरोडी यांच्या पुढाकाराने 1949 मध्ये गोरेगावजवळ आरे वसाहत उभी राहिली आणि शहरातल्या तबेल्यांतल्या म्हशी तिकडे हलू लागल्या. म्हशीच्या दाट दुधात दुधाची पावडर आणि पाणी मिसळून स्निग्धांश कमी केलेले 'टोन्ड' दूधही याच योजनेतून मुंबईकरांच्या ओळखीचे झाले. काचेच्या बाटल्यांतले, पातळ झाकणाचे हे दूध पहाटे केंद्रावर रांग लावून, कार्ड दाखवून मिळे. चार दिवसांच्या पाहुण्याचे कार्ड अर्थातच नसे. त्यामुळे बाळ घेऊन येणाऱ्यांसाठी यजमानीण दोन-तीन दिवस आधीपासून शेजारणींकडे अर्धा-पाव लिटरची बोलणी करून ठेवी. सहलीच्या नियोजनातला सगळ्यात कठीण भाग तोच असावा. पुढे आरेची वसाहत स्वतःच बघण्याची जागा झाली. टेकडीवरची बाग आणि 'छोटा काश्मीर'मधली होडी यांपेक्षा लहान मुलांना एका ओळीत बांधलेल्या म्हशींचेच जास्त अप्रूप वाटे.

बघण्याच्या जागांत पहिला मान राणीच्या बागेचा. गंमत अशी, की ती मुलांसाठी बांधलेलीच नव्हती. पश्चिम भारतातल्या शेती-बागायत मंडळाची ही वनस्पतींची बाग. शिवडीची जुनी जागा युरोपियनांच्या दफनभूमीसाठी गेल्यावर ती भायखळ्याला आली आणि 1862 मध्ये गव्हर्नर फ्रियर यांच्या पत्नीच्या हस्ते व्हिक्टोरिया राणीच्या नावाने खुली झाली. शेजारचे संग्रहालय 1872 मध्ये उघडले. त्याच्या उभारणीत डॉ. भाऊ दाजी लाड, जगन्नाथ शंकरशेट आणि जॉर्ज बर्डवुड यांचा मोठा वाटा होता, आणि 1975 पासून ते डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या नावाने ओळखले जाते. 1873 मध्ये बाग महापालिकेकडे गेली. प्राण्यांसाठी जागा वाढवण्यात आली ती 1890 च्या सुमारास. विज्ञानप्रसारासाठी काढलेली बाग त्यानंतर मुलांनी ताब्यात घेतली, असेच म्हणावे लागेल. दुर्मीळ झाडांवरच्या लॅटिन पाट्या आजही तिथे आहेत. त्या वाचणारा विरळा.

बागेतल्या एका दगडी हत्तीची कथा मात्र थांबून सांगण्यासारखी आहे. पोर्तुगीजांनी ज्याच्यावरून घारापुरीला 'एलिफंटा' म्हटले, तोच हा हत्ती. 1864 मध्ये इंग्रजांनी तो विलायतेला न्यायचे ठरवले. उचलताना यारीची साखळी तुटली आणि त्याचे तुकडे झाले. ते बरीच वर्षे बागेत पडून राहिले आणि 1914 मध्ये पुन्हा जोडले गेले. संग्रहालयाबाहेर उभ्या असलेल्या या हत्तीच्या अंगावरचे सांधे नीट पाहिले की दिसतात. जिवंत हत्तीच्या पाठीवरची फेरी बंद झाल्यावर कडेवरच्या मुलाला अगदी जवळून दाखवावा असा हा एकच हत्ती तिथे उरला. 1969 मध्ये बागेला वीरमाता जिजाबाई भोसले यांचे नाव मिळाले, तरी बोलण्यात ती राणीचीच राहिली. बुधवारी ती बंद असते, आणि गावाहून आलेले एखादे कुटुंब दर बुधवारी फाटकापाशी हिरमुसले होऊन उभे असते.

बागेपर्यंत जाण्याचा प्रवास हाच मुलांच्या दृष्टीने अर्धा दिवस. 9 मे 1874 रोजी घोड्यांची ट्राम कुलाबा ते पायधुणी धावू लागली. तेव्हा तिचे भाडे तीन आणे होते, म्हणजे गरिबाला न परवडणारे. 1907 मध्ये ती विजेवर आली, 1926 मध्ये मोटारबस निघाली आणि 1937 मध्ये दुमजली बस. वरच्या मजल्यावरची अगदी पुढची बाके पकडण्यासाठी बाप मुलाला खांद्यावर घेऊन जिना चढे आणि आई पिशव्या सांभाळत खालीच बसे. शेवटची ट्राम 31 मार्च 1964 च्या रात्री बोरीबंदरहून दादरला गेली. डिझेलवरची शेवटची दुमजली बस सप्टेंबर 2023 मध्ये थांबली. त्याआधीच विजेवरच्या वातानुकूलित दुमजली गाड्या आल्या होत्या, पण त्यांच्या काचा बंद असतात. वाऱ्याने डोळे मिटून घेण्याची मजा त्यांत नाही.

हिवाळ्यात आणखी एक गोष्ट हमखास सापडे, ती सर्कस. तंबू कोरड्या हवेतच टिकतात. विष्णुपंत छत्रे यांनी 1880 मध्ये मुंबईत पहिली भारतीय सर्कस उभी केली आणि पुढे मराठी मालकांच्या सर्कशींची परंपराच तयार झाली. दोन वर्षांच्या मुलाला सिंहाची डरकाळी झेपत नाही, हे बहुतेक बापांना तिकिटे काढल्यावर कळे.

सर्कस सोडली, तर स्वातंत्र्यापर्यंत मुलांच्या वाट्याला जे आले, ते असे दुसऱ्याच हेतूने बांधलेले होते. मलबार टेकडीवरची झुलती बाग म्हणजे पिण्याच्या पाण्याच्या टाकीवरचे झाकण. 1924 मध्ये खुले झालेले गेटवे ऑफ इंडिया राजाच्या आगमनाचे स्मारक. तिथे आईबाप कमान पाहत आणि मुले कबुतरे. खास मुलांसाठी शहराने बांधायला घेतले ते 1950 नंतर. 1951 मध्ये मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले. त्याच्या पाठोपाठ 1952 मध्ये झुलत्या बागेसमोर कमला नेहरू पार्क आले आणि त्यात 'म्हातारीचा बूट'. इंग्रजी बालगीतातली ही म्हातारी मराठी घरांत कोणाच्याच ओळखीची नव्हती, तरी बुटात शिरून वरच्या खिडकीतून खाली हात हलवलेला फोटो पुढच्या तीन पिढ्यांच्या अल्बमात आहे. मत्स्यालय त्याहून सरस म्हणावे लागेल, कारण ते अंधारे आणि गार असे, आणि काचेशी नाक लावून उभ्या असलेल्या मुलाला समजावून सांगण्यासारखे काहीच नसे. 1977 मध्ये वरळीला तारांगण आले, 1979 मध्ये विज्ञान उद्यान आणि 1985 मध्ये नेहरू विज्ञान केंद्र. ही सगळी शाळकरी मुलांची ठिकाणे. तारांगणाचे दिवे विझले की तान्ही मुले भोकाड पसरतात.

ज्या सणामुळे ही सुट्टी मिळाली, तो मात्र पाहुण्यांच्या यादीत क्वचितच असे. गिरगावातल्या चाळीत उतरलेल्या कुटुंबापासून खोताची वाडी पाच मिनिटांवर. तिथली ईस्ट इंडियन ख्रिस्ती माणसे घरात मराठीचीच एक बोली बोलत, कलकल आणि नेवऱ्या तळत आणि अंगणात गव्हाणीचा देखावा मांडत. चांदण्यांचे कंदील पाहायला मुलांना संध्याकाळी तिकडे नेण्याची पद्धत आसपासच्या घरांत होती; बाहेरगावच्यांना ती बहुधा ठाऊकच नसे.

गेल्या काही वर्षांत मुंबई बघण्याचा हा क्रम बदलला आहे. 2017 च्या मार्चपासून राणीच्या बागेत पेंग्विन पाहायला मिळू लागले आणि सुट्टीच्या दिवशी तिथल्या रांगा झाडांच्याही पलीकडे जाऊ लागल्या. 2019 मध्ये छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या आवारात मुलांचे वेगळे संग्रहालय उघडले. एसटी स्थानकांवर हिरकणी कक्ष झाले, म्हणजे बाळाला पाजण्यासाठी पदराचा आडोसा शोधण्याची वेळ निदान तिथे येऊ नये अशी अपेक्षा. प्रत्यक्षात कक्षाची किल्ली कोणाकडे आहे, हे विचारावे लागते. पदपथांची उंची आणि तुटकी फरशी यांमुळे बाबागाडी मात्र मुंबईत अजून रुळलेली नाही, आणि लोकलच्या गर्दीत ती उघडणेही अशक्य. हवेचेही जुने गणित आता पूर्वीसारखे राहिलेले नाही. डिसेंबर-जानेवारीत वारे मंदावतात, बांधकामांची धूळ आणि धूर खालीच साचतात. त्यामुळे एकेकाळी बाळासाठी सर्वांत निर्धोक मानलेल्या याच महिन्यांत खोकणारी मुले घेऊन आईबाप डॉक्टरांच्या दवाखान्यात बसलेले दिसतात. अनुभवी यजमान हल्ली पाहुण्यांना समुद्राकडे पहाटेऐवजी दुपारनंतर, वारा सुटल्यावर जायला सांगतात.