तबकडीतला आवाज

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असा मंडळाचा आग्रह झाला. मी सातवी शिकलेली, संसारी बाई. रागदारीचे शास्त्र मला येत नाही. पण घरी मामंजींचा चावीचा ग्रामोफोन आहे. त्यामुळे धावड्यात राहूनही मोठ्या गवयांचे गाणे कानावर पडले.

आपल्या देशात गाण्याच्या तबकड्या प्रथम नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्यास भरल्या गेल्या. विलायतेच्या ग्रामोफोन कंपनीने गैसबर्ग नावाचे गृहस्थ त्यासाठी पाठविले होते. त्या काळी माईक नव्हता. भोंग्यासमोर मोठ्याने गावे लागे, आणि तेही जेमतेम तीन मिनिटांत. तासभर राग आळविणारे कित्येक उस्ताद याला कचरले. पुढे आल्या त्या गौहरजान यांच्यासारख्या गाणाऱ्या बाया. गाणे संपताच त्या इंग्रजीत स्वतःचे नाव सांगत, कारण तबकड्या छापल्या जात जर्मनीत, आणि कोणाचे गाणे हे तिथल्या कारागिरांना कळावे लागे. विजेवरचे ध्वनिमुद्रण १९२५ च्या सुमारास आले. पुढे मोठ्या तबकड्या, कॅसेट, सीडी निघाल्या, आणि आता तेच गाणे मोबाईलवर ऐकू येते.

पण नवे निघाले ते चांगलेच, असे नव्हे. माझ्या लग्नानंतर अब्दुल करीम खाँसाहेबांच्या जुन्या गाण्यांची एक कॅसेट आम्ही हौसेने आणली. सासूबाईंनी दाराआडून ऐकली आणि म्हणाल्या, “हा आवाज त्यांचा नव्हे गं.” आम्ही हसलो. वयामुळे कान गेले असतील, असे वाटले. मग मामंजींनी जुनी तबकडी काढली, खाली कागदाचा कपटा अडकवून घड्याळ लावले आणि फेरे मोजले. मिनिटाला अठ्ठ्याहत्तर भरले. दोन्ही गाणी पाठोपाठ लावली, तर कॅसेटमधले गाणे भरभर पळत होते आणि स्वर चढला होता. ओसरीवर पुरुषांची बैठक असता आयुष्यभर स्वयंपाकघरातून ऐकणाऱ्या बाईचा कान खरा ठरला!

तेव्हापासून जुन्या गाण्याची नवी आवृत्ती मी तीन गोष्टींवर पारखते. वेग बरोबर आहे का? खरखर काढताना गळ्याचा बारकावाही पुसला आहे का? थोडी खरखर चालेल, पण आवाज बोथट नको. आणि गाणाऱ्याचे नाव, राग, साल नीट छापले आहे का?

जुनी गाणी पुन्हा काढणे किती गरजेचे, ते केसरबाई केरकरांच्या भैरवीवरून कळते. गोव्यातल्या केरी गावची ही गायिका, अल्लादिया खाँसाहेबांची शिष्या. फार थोडे गाणे त्यांनी मुद्रित होऊ दिले. १९७७ मध्ये अमेरिकेच्या शास्त्रज्ञांनी व्हॉयेजर यानांतून पृथ्वीवरचे निवडक संगीत अंतराळात पाठवायचे ठरविले. त्यात ही भैरवी घेतली, तर तबकडी बाजारातून केव्हाच नाहीशी झालेली! शेवटी न्यूयॉर्कमधल्या एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात ती सापडली. ऑगस्ट-सप्टेंबरात दोन्ही याने उडाली, आणि १६ सप्टेंबर १९७७ रोजी केसरबाई वारल्या. आज त्यांचा आवाज सूर्यमालेच्या ग्रहांपलीकडे गेला आहे. त्या दुकानात ती तबकडी नसती, तर?

सासूबाई आता नाहीत. जात्यावरच्या कितीतरी ओव्या त्यांना पाठ होत्या, पण त्यांचा आवाज आम्ही कशावरच उतरवून घेतला नाही. ही चुटपुट मला जन्मभर राहील. म्हणून माझी मंडळाला विनंती आहे. आपल्या घरच्या म्हाताऱ्या बायांच्या ओव्या, पाळणे मोबाईलवर उतरवून घ्या. आणि शेवटी गौहरजानसारखे त्यांना त्यांचे स्वतःचे नाव मोठ्याने सांगायला लावा.