दिवा विझवण्याची विद्या : विजेच्या बटणांचा इतिहास (थ्रेड)

१/ भिंतीवरच्या बोर्डात चार-सहा बटणे ओळीने बसवलेली असतात. बटणाचे काम दिवा लावणे, असा आपला समज. इतिहास पाहिला तर अभियंत्यांची खरी परीक्षा दिवा विझवताना झाली.

२/ इंग्लंडच्या ईशान्येस नॉर्थम्बरलंडमध्ये क्रॅगसाइड हा उद्योगपती विल्यम आर्मस्ट्राँग यांचा वाडा आहे. पाण्याच्या बळावर तेथे वीज निर्माण होई. १८८० मध्ये या वाड्यात जोसेफ स्वान यांचे विद्युतदीप लागले. ग्रंथालयातील काही दिव्यांना बटणच नव्हते. कलशाच्या आकाराचा दिवा बैठकीवर ठेवला की आतील तार पाऱ्यात बुडे आणि मंडल पूर्ण होई. कलश उचलला की दिवा विझे.

३/ घरोघरी पारा ठेवणे शक्य नव्हते. धातूच्या पट्ट्या हाताने विलग कराव्यात, तर वेगळेच संकट उभे राही. पट्ट्या सावकाश सुटल्या की मधल्या फटीतून प्रवाह ठिणगीच्या रूपाने वाहतच राही. धातू जळे, आगीचे भय निर्माण होई.

४/ १८८४ मध्ये न्यूकॅसलच्या जॉन हेन्री होम्स यांनी यावर उपाय शोधला : स्प्रिंग. बोट कितीही संथ फिरो, ठरावीक टप्प्यानंतर स्प्रिंगच पट्ट्यांना झटक्यात दूर करी. ठिणगीला टिकायला अवधीच उरला नाही.

५/ पुढे घरांत प्रत्यावर्ती प्रवाह, म्हणजे एसी, रूढ झाला. एकाच दिशेने अखंड वाहणाऱ्या डीसीची ठिणगी चिवट असते. आपल्याकडील ५० हर्ट्झचा एसी मात्र सेकंदात १०० वेळा शून्यावर येतो, त्यामुळे ठिणगी लवकर मरते. यंत्रणा लहान झाली आणि एका पट्टीवर अनेक बटणे बसवणे सोपे झाले. अशा समूहातील प्रत्येक बटणाला ब्रिटनमध्ये ‘गँग’ म्हणतात. जिन्याचा दिवा दोन ठिकाणांहून चालवणारा ‘टू-वे’ स्विच हा प्रकार निराळा.

६/ या समूहाची जोडणी अशी : फेजची एक तार पहिल्या बटणाला येते. तेथून छोट्या तुकड्यांनी ती दुसऱ्या, तिसऱ्या बटणापर्यंत जाते. हा ‘लूप’. प्रत्येक बटणाच्या दुसऱ्या टोकातून आपापल्या दिव्याची स्वतंत्र तार निघते. न्यूट्रल बटणात न शिरता दिव्याकडे जाते. चुकून न्यूट्रलवर बटण लावले, तर दिवा विझतो, पण होल्डरमध्ये फेज तसाच राहतो. बल्ब बदलणाऱ्याच्या जिवावर बेतते ते येथे.

७/ जोडणी अचूक असली तरी एक गोष्ट विसरू नये. सगळी बटणे बंद केल्यावर दिव्यांकडे जाणाऱ्या तारा मृत होतात. बोर्डामागचा लूप जिवंतच असतो. म्हणून जाणता वायरमन आधी मेन स्विच बंद करतो, मग टेस्टर लावून खात्री करतो आणि त्यानंतरच बोर्डाचा स्क्रू सोडवतो.

८/ क्रॅगसाइडमध्ये मंडल कोठे तुटले, हे डोळ्यांना दिसत असे. आज ती जागा झाकणाआड गेली आहे. (समाप्त)