स्क्विड गेममधली ती जास्वंद

आजच्या भागाची सुरुवात एका बाहुलीपासून करू. स्क्विड गेमचा पहिला भाग आठवतोय ना? २०२१ मध्ये आपण सगळ्यांनी एका रात्रीत संपवलेली सिरीज. त्यातली ती मोठी बाहुली झाडाकडे तोंड करून काहीतरी गुणगुणते, मग गर्रकन मान वळवते, आणि जो हलला तो गेला. इंग्रजी डबिंगमध्ये ती ‘रेड लाइट, ग्रीन लाइट’ म्हणते. मूळ कोरियनमध्ये लाइटबिइट काही नाही. ती म्हणते, मुगुंगह्वाचं फूल उमललं. हा खेळ म्हणजे आपल्याकडच्या स्टॅच्यूचा चुलतभाऊ. कोरियन भाषेत या वाक्यात बरोबर दहा अक्षरं येतात, म्हणून एक ते दहा मोजण्याऐवजी तिथली पोरं हे वाक्य म्हणतात.

तर हे मुगुंगह्वा म्हणजे जास्वंद. थंडीतली जास्वंद.

माझा आणि तिचा संबंध कसा आला ते आधी सांगतो. कंपनीच्या कामासाठी मी दोन वर्षं सुवनमध्ये होतो. सुवन म्हणजे सोलच्या दक्षिणेचं शहर. पहिल्याच मे महिन्यात, गणपतीला लागेल म्हणून नर्सरीतून लालभडक जास्वंदीची कुंडी आणली. तिच्यावरच्या पाटीवर लिहिलं होतं ‘हवाई मुगुंगह्वा’. मला वाटलं, असेल एखादी व्हरायटी. उन्हाळाभर मस्त फुलली. ऑक्टोबरात रात्रीचं तापमान दहाच्या खाली गेलं तशी पानं पिवळी पडायला लागली. मी रिलीजच्या गडबडीत. नोव्हेंबरात एका रात्री बाल्कनीत पाणी गोठलं आणि सकाळी झाड काळं पडलेलं. आपल्या अंगणातल्या जास्वंदीला, म्हणजे रोझा-सायनेन्सिसला, गोठणारी थंडी मुळीच चालत नाही, हे मी त्यानंतर वाचलं. टिपिकल.

जानेवारीत घर बदललं. नव्या घराच्या पार्किंगपाशी माणसाच्या उंचीचं एक झुडूप होतं, नुसत्या काड्या. मार्च गेला. एप्रिल आला, चेरी फुलून गळूनही गेली, आजूबाजूला सगळं हिरवं झालं, हे आपलं तसंच. एका रविवारी मी घरमालकीण आजींना म्हटलं, “हालमोनी, ते झाड मेलंय, मी उपटून देऊ का?” त्या काही बोलल्या नाहीत. झुडपापाशी गेल्या, नखाने फांदीची साल जराशी खरवडली. आत हिरवं होतं. मग मला म्हणाल्या, “मे महिन्यापर्यंत थांब.”

आता इतिहास.

वनस्पतींना आज आपण ज्या पद्धतीने नावं देतो, ती लिनियसच्या १७५३ सालच्या ग्रंथातून आलेली. त्यात त्याने या झुडपाला नाव दिलं हिबिस्कस सिरियाकस, म्हणजे सीरियाची जास्वंद. तिथल्या बागांमध्ये ते होतं, युरोपला वाटलं तिथलंच. मूळचं ते पूर्व आशियातलं. पण वनस्पतीशास्त्राचा नियम असा की जे नाव आधी रीतसर छापलं गेलं ते राहतं, अर्थ चुकला म्हणून बदलत नाही. आमच्या धंद्यात याला लीगसी कोड म्हणतात. व्हेरिएबलचं नाव चुकलंय हे सगळ्यांना माहीत असतं, पण हात कुणी लावत नाही.

इंग्लंडात हे झाड सोळाव्या शतकाच्या अखेरीस पोचलेलं होतं. १६२९ मध्ये जॉन पार्किन्सन या माळीबुवांनी सल्ला दिला की हे मोठ्या कुंडीत लावा आणि हिवाळ्यात घरात किंवा उबदार तळघरात ठेवा. बिचारे उगाचच घाबरले. उणे वीसची थंडी हे झाड उघड्यावर सहन करतं. म्हणजे पार्किन्सननी टणक झाड नाजूक समजून जपलं आणि मी नाजूक झाड टणक समजून मारलं.

कोरियात मात्र गोष्ट फार जुनी आहे. नवव्या शतकाच्या अखेरीस शिल्ला राज्याने चीनच्या तांग दरबाराला पाठवलेल्या एका पत्रात स्वतःच्या देशाचा उल्लेख ‘या फुलाचा मुलूख’ असा केलाय. पत्र लिहिणारा छ्वे छी-वन हा तिथला नावाजलेला विद्वान. मुगुंग म्हणजे न संपणारं, ह्वा म्हणजे फूल. गंमत अशी की एकेक फूल टिकतं जेमतेम एक दिवस. पहाटे उमलतं, संध्याकाळी मिटून गळतं. पण झाड जुलैपासून जवळजवळ शंभर दिवस रोज नवी फुलं देत राहतं. जपानमध्येही हे फूल आहे, तिथे त्याला मुकुगे म्हणतात आणि तिथल्या कवितेत ते क्षणभंगुरतेची खूण आहे. जपानने फूल पाहिलं, कोरियाने झाड पाहिलं. (हे वाक्य माझं आहे, परीक्षेत लिहू नका.)

१९१० मध्ये जपानने कोरिया गिळला. त्याच्या आगेमागेच सोलच्या छांगग्यंग राजवाड्याचं प्राणिसंग्रहालय करून टाकलं, आवारात चेरीची झाडं लावली आणि लोक तिकीट काढून राजाच्या अंगणात हिंडायला लागले. साम्राज्य नुसतं बंदुकीने येत नाही, रोपवाटिकेतूनही येतं, हे मला तोवर कधी सुचलंच नव्हतं.

आणि इथे येतो आजच्या भागाचा खरा माणूस, नामगुंग ओक. जन्म १८६३. आधी सरकारी नोकर, मग १८९८ मध्ये निघालेल्या ‘ह्वांगसंग शिनमुन’ या वर्तमानपत्राचा पहिला प्रमुख, मग शिक्षक. सोलच्या मुलींच्या शाळेत शिकवताना त्याने एक भरतकामाचा नमुना तयार केला. कोरियाचा नकाशा, आणि त्यात प्रांतांच्या जागी मुगुंगह्वाची फुलं. विचार करा, देशाचा नकाशा काढणंच संशयास्पद असलेला तो काळ, आणि मुली वर्गात बसून सुई-दोऱ्याने तो शिवतायत. वरून बघायला आलेल्याला काय दिसणार, भरतकाम!

१९१८ मध्ये तब्येतीमुळे तो होंगछनच्या डोंगराळ गावी राहायला गेला. तिथे शाळा काढली आणि शाळेच्या जमिनीत मुगुंगह्वाची रोपं करायला लागला. ही रोपं देशभर वाटली जायची. लहानपणी मुगुंगह्वाचं रोप तुतीसारखं दिसतं, म्हणून तुतीच्या रोपांत मिसळून ती बाहेर पाठवायचे, अशी आठवण तिकडे सांगतात. दुसऱ्या बाजूने अफवाही पसरवल्या गेल्या म्हणे, या फुलाकडे बघितलं की डोळे येतात, हात लावला की अंगावर फोड उठतात. कोरियन लोक हे आजही सांगतात. आमच्या हालमोनींनी लहानपणी स्वतःच्या आजीकडून ऐकलेलं.

१९३३ मध्ये पोलीस आले. नामगुंग ओक तेव्हा सत्तरीचा. त्याला पकडलं आणि शाळेतली रोपं उपटून जाळली. किती? सगळीकडे सत्तर हजार हा आकडा येतो. तो थोडा इकडेतिकडे असेलही, पण रोपं मोजून जाळावी लागत होती, एवढं पुरे. दोन वर्षांनी खालावलेल्या तब्येतीने तो सुटला, १९३९ मध्ये गेला. स्वातंत्र्य आलं १९४५ ला. सहा वर्षं.

या प्रकरणाला कोरियात मुगुंगह्वा प्रकरण असंच नाव आहे. मला राहूनराहून वाटतं ते त्या पोलिसाबद्दल. वरिष्ठांना अहवाल लिहिताना त्याने आरोपाच्या रकान्यात नक्की काय लिहिलं असेल? बागकाम?

आज हे फूल दक्षिण कोरियाच्या राष्ट्रगीतात आहे, राजचिन्हावर आहे, पोलिसांच्या खांद्यावर आहे, एका रेल्वेगाडीच्या प्रकारालाही त्याचंच नाव आहे. पण ‘हे आमचं राष्ट्रीय फूल’ असा कायदा नाही, नुसती रूढी. आणि टीकाही चालते. हे इथे रानात कुठे सापडतं, यावर मावा फार पडतो, असं म्हणणारे तिथे आहेत. माव्याचं खरंच आहे. कापसावरच्या माव्याची अंडी हिवाळाभर याच झाडावर राहतात. शेवटी कापूस, भेंडी, अंबाडी, जास्वंद हे एकच खानदान.

आता न्यू जर्सी, लंडन, टोरांटोवरून ऐकणाऱ्यांसाठी, कारण कमेंटमध्ये हाच प्रश्न येणार. आपली लाल जास्वंद हवी असेल तर कुंडीतच ठेवा. रात्री दहा अंशांच्या आसपास यायला लागल्या की घरात घ्या, दक्षिणेच्या खिडकीत, पाणी कमी. जमिनीत लावायची असेल तर सिरियाकस. भरपूर ऊन, पाणी न साचणारी जमीन, पहिले एकदोन हिवाळे बुंध्याशी पालापाचोळ्याचं आच्छादन. फूल नव्या फुटव्यावर येतं, म्हणून छाटणी फेब्रुवारी-मार्चमध्ये, पालवीच्या आधी. उन्हाळ्यात छाटलीत तर कळ्याच कापाल. बी पडून रोपांचं रान माजतं, ते नको असेल तर ‘डायना’ नावाची पांढरी जात बघा. ती अमेरिकेच्या नॅशनल आर्बोरेटमने १९७० मध्ये आणली, तिला बी जवळपास धरतच नाही. आणि एप्रिलमध्ये झाड मेल्यासारखं दिसलं तर नखाने साल खरवडून बघा.

आमच्या पार्किंगमधल्या झाडाला मेच्या दुसऱ्या आठवड्यात पालवी फुटली. ऑगस्टमध्ये फुलं आली, पांढरट गुलाबी, मध्यभागी लाल ठिपका. त्या ठिपक्याला तिथे दानशिम म्हणतात, म्हणजे निष्ठावान मन. पूर्ण लाल मुगुंगह्वा होत नाही. गणपतीला तेच वाहिलं आणि आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं. ती म्हणाली, “जास्वंदच आहे की रे, उन्हात फारच धुतल्यासारखी.” मग विचारलं, “देवाला चालते ना पण?” मी म्हटलं, सकाळी वाहिलेली संध्याकाळी मिटते, उद्या दुसरी काढतो. हालमोनी मागे उभ्या होत्या. मराठी त्यांना कळत नव्हतं, पण त्यांनी कात्री आणून दिली आणि खुणेने दाखवलं, फूल ओढायचं नाही, देठासकट कापायचं.