इस्पितळाचा कारभारी आणि विद्यापीठ

रोग बरा करणे हे शास्त्र आहे, हे आपल्याकडे चरकाच्या काळापासून कोणी नाकारलेले नाही. पण इस्पितळ चालवणे हे शास्त्र आहे काय? की दानशूर विश्वस्त, कनवाळू डॉक्टर आणि हिशेबाला चोख असा एखादा कारकून एकत्र आले म्हणजे आपोआप पार पडणारा तो व्यवहार आहे? विद्यापीठाने पदवी द्यावी असे त्यात काय आहे? विसाव्या शतकाच्या आरंभी हा प्रश्न भल्याभल्यांना पडत असे. त्याचे उत्तर मिळायला बरीच माणसे मरावी लागली, असे आम्हांला वाटते.

क्रिमियाच्या युद्धातले उदाहरण घ्या. फ्लॉरेन्स नाइटिंगेल 1854 च्या नोव्हेंबरात तुर्कस्तानातील स्कुटारीच्या लष्करी इस्पितळात पोहोचली. तिच्या हातातला दिवा आपण सर्वांनी शाळेच्या पुस्तकात पाहिला आहे. त्या इमारतीखालचे तुंबलेले गटार मात्र कोणी चित्रात काढले नाही. बाई आल्या, परिचारिका आल्या, कपडे आणि अन्न आले. तरीही मृत्यू वाढतच गेले. 1855 च्या फेब्रुवारीत ते शेकडा 42 च्या घरात होते. मार्चमध्ये विलायतेहून स्वच्छतेचे एक कमिशन आले. त्याने गटारे उपसली, वाऱ्याला वाट करून दिली. जूनपर्यंत मृत्यूचे प्रमाण शेकडा 2 च्या आसपास उतरले. हिवाळा सरला होता आणि इस्पितळातील दाटीही ओसरली होती, हे खरे. परंतु औषधोपचारात मधल्या चार महिन्यांत काही क्रांती झाली नव्हती. बदलला तो कारभार. मायदेशी परतल्यावर नाइटिंगेलने विल्यम फार या आकडेशास्त्रज्ञाच्या मदतीने या सर्वांची कोष्टके मांडली आणि 1859 मध्ये इस्पितळांच्या रचनेवर पुस्तक लिहिले. (आपल्या पुण्याच्या सार्वजनिक सभेशीही पुढे तिचा पत्रव्यवहार झाला, तो याच आरोग्याच्या प्रश्नावर.) मोजल्याशिवाय कारभार कळत नाही, हा पहिला धडा तिथे मिळाला.

दुसरा धडा अमेरिकेत मिळाला, आणि तो बहुतेक इतिहासांत तळटीपेपुरताच येतो. तेथील पुष्कळ इस्पितळे त्या काळी परिचारिकाच चालवीत. कोठीच्या किल्ल्या, मुदपाकखाना, धोबीकाम, नोकरांच्या पाळ्या, नव्या मुलींचे शिक्षण, हे सारे त्यांच्या पदरात. आणि यातले काहीही त्यांना कोणी शिकवलेले नसे. म्हणून इझाबेल हॅम्प्टन रॉब यांच्या पुढाकाराने 1899 मध्ये न्यूयॉर्कच्या टीचर्स कॉलेजात 'इस्पितळाचे अर्थशास्त्र' या नावाचा वर्ग परिचारिकांसाठी निघाला. अर्थशास्त्र म्हणजे येथे घराचा अर्थ; थोरल्या कुटुंबातली जाणती सासू ज्या अर्थाने घर सांभाळते, त्या अर्थाने. 1907 मध्ये अ‍ॅडलेड नटिंग या तेथे प्राध्यापक झाल्या. परिचारिका विद्यापीठाची प्राध्यापक होण्याचा जगातला तो पहिला प्रसंग. याच 1899 साली क्लीव्हलंड शहरी आठ इस्पितळांच्या अधीक्षकांनी आपली संघटना काढली. आजच्या अमेरिकन हॉस्पिटल असोसिएशनचे मूळ ते. कारभाऱ्यांची संघटना आणि कारभाराचा वर्ग एकाच वर्षी जन्मले, पण पुढे दोघांच्या वाटा फुटल्या.

त्यानंतरची हकिगत कादंबरीत शोभावी अशी आहे. अमेरिकेतील शल्यवैद्यांच्या महाविद्यालयाने, म्हणजे त्यांच्या संघटनेने, 1918 मध्ये 100 किंवा त्याहून अधिक खाटांची 692 इस्पितळे तपासली. कसोट्या काही भारी नव्हत्या: प्रत्येक रोग्याची पूर्ण नोंद असावी, डॉक्टरांनी ठराविक काळाने एकत्र बसून आपल्या कामाचा आढावा घ्यावा, तपासणीची प्रयोगशाळा असावी, इतक्या साध्या. उतरली 89. नापासांत देशातली काही नामवंत नावे होती. 1919 च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ अस्टोरिया हॉटेलात सभा भरली, एकूण आकडा जाहीर झाला, आणि नावांची यादी वर्तमानपत्रांच्या हाती लागू नये म्हणून रात्री त्याच हॉटेलच्या भट्टीत जाळून टाकण्यात आली! कागद जळला, आकडा राहिला. नामांकित डॉक्टर ठेवले म्हणजे इस्पितळ चांगले, हा समज त्या दिवसापासून टिकणे कठीण झाले.

या पार्श्वभूमीवर मायकेल डेव्हिस हा गृहस्थ पुढे आला. हा डॉक्टर नव्हे, समाजशास्त्राचा पंडित. बोस्टनच्या एका जुन्या धर्मार्थ दवाखान्याचा कारभार त्याने दहा वर्षे पाहिला होता. 1929 मध्ये त्याने पुस्तक लिहून म्हटले की, अब्जावधी डॉलरांचा हा धंदा अशिक्षित कारभाऱ्यांच्या हाती आहे, आणि पदवीनंतरच्या शिक्षणाचा आराखडाही दिला. त्याआधी मिल्वॉकीच्या मार्क्वेट विद्यापीठात असा प्रयत्न झाला होता. 1927 मध्ये दोघांना पदव्या मिळाल्या आणि वर्ग बंद पडला. डेव्हिसचे नशीब अधिक बळकट ठरले. मंदीचे दिवस होते. पैसे देणारे रोगी आटले, धर्मार्थ खाटांवर गर्दी झाली, आणि जमाखर्च न कळणारा अधीक्षक किती महाग पडतो हे विश्वस्तांना कळू लागले. रोझेनवाल्ड निधीच्या साहाय्याने 1934 मध्ये शिकागो विद्यापीठात पदव्युत्तर वर्ग सुरू झाला: वर्गातला अभ्यास आणि प्रत्यक्ष इस्पितळातली उमेदवारी. तो वैद्यकशाखेत नव्हता, वाणिज्यशाखेत होता, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. 1946 च्या कायद्याने केंद्र सरकारचा पैसा इस्पितळे बांधण्याकडे वळला, तेव्हा असे वर्ग ठिकठिकाणी निघाले. त्यांत बसले ते बहुतांशी पुरुष. ज्या परिचारिकांनी या विषयाला पहिले बाक मिळवून दिले, त्यांना विषय पदवीचा होताच बाकावरून उठावे लागले. विद्यापीठाने विषयाला प्रतिष्ठा दिली ती अशी किंमत घेऊन, आणि ही किंमत आम्हांला फार जड वाटते.

आपल्याकडे प्रश्नाने निराळे वळण घेतले. सिव्हिल सर्जनच्या परंपरेमुळे ज्येष्ठ डॉक्टर तोच कारभारी, हे येथे गृहीतच होते. त्यातूनही मोठी माणसे निघाली, मुंबईच्या के. ई. एम. इस्पितळाची घडी बसवणारे पहिले अधिष्ठाता डॉ. जीवराज मेहता पुढे 1960 मध्ये गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले. परंतु असे कारभारी अभ्यासक्रमाने घडलेले नव्हते, म्हणून मागणीप्रमाणे मिळतही नसत. भोर समितीचा अहवाल 1946 चा. आरोग्य प्रशासनाच्या शिक्षणासाठी दिल्लीत स्वतंत्र राष्ट्रीय संस्था निघाली ती 1964 मध्ये, आणि 1977 मध्ये कुटुंबनियोजनाच्या संस्थेशी तिचे एकत्रीकरण झाले. दिल्लीच्याच अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत इस्पितळ-प्रशासनाची पदव्युत्तर पदवी 1960 च्या दशकात आली. तिला प्रवेश एम. बी. बी. एस. झालेल्यांनाच. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने पुढे डॉक्टर नसलेल्या पदवीधरांनाही दार उघडले. एकाच विषयाला देशात अशी दोन दारे झाली, आणि दोहोंतून बाहेर पडलेली माणसे एकाच इस्पितळात शेजारच्या खोल्यांत बसून एकमेकांच्या कागदांवर शेरे मारतात. वॉर्डातली थोरली सिस्टर मात्र आजही किल्ल्यांचा जुडगा कमरेला लावून, रात्री कोणत्या खाटेची चादर बदलायची राहिली ते तोंडपाठ सांगते.