सल्ला तज्ज्ञांचा, कसोटी गावाची

गरीब वस्त्यांपर्यंत सौरदिवे, गोबरगॅस किंवा धूरविरहित चुली नेणाऱ्या संस्थेच्या माहितीपत्रकावर हल्ली तज्ज्ञ सल्लागारांची यादी हमखास असते. तिच्यामुळे देणगीदाराला धीर येतो आणि सरकारी कचेरीतला कागद जरा लवकर पुढे सरकतो. पण या सल्लागारांनी नेमके करायचे काय, आणि त्यांचा सल्ला बरोबर की चूक हे ठरवायचे कुणी, हे प्रश्न क्वचितच विचारले जातात. त्यांची उत्तरे शोधायला नागपूरकरांना लांब जायला नको. पाऊणशे किलोमीटरवरच्या वर्ध्यात १९३४ साली तज्ज्ञांचा सल्ला खेड्याच्या कामाला जोडण्याचा प्रयोग सुरू झाला आणि त्याचे धागेदोरे आजच्या नागपुरापर्यंत येऊन पोचतात. तो इतिहास तपासला की एक गोष्ट ठळकपणे दिसते. प्रश्न गावातून आला, उत्तर परत गावात जाऊन तपासले गेले आणि ते नाकारण्याचा अधिकार वापरणाऱ्याकडे राहिला, तरच तज्ज्ञाचा सल्ला गरिबाच्या कामी येतो. ही साखळी जिथे तुटली तिथे चांगले शास्त्रही वाया गेले.

मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनातल्या ठरावानुसार १४ डिसेंबर १९३४ रोजी वर्ध्यात अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. श्रीकृष्णदास जाजू अध्यक्ष आणि जे. सी. कुमारप्पा चिटणीस झाले. जमनालाल बजाज यांनी दिलेल्या बागेत संघाचे काम सुरू झाले आणि मगनलाल गांधींच्या स्मरणार्थ त्या जागेला मगनवाडी हे नाव पडले. संघाच्या सल्लागारांत रवींद्रनाथ टागोर, जगदीशचंद्र बोस, प्रफुल्लचंद्र राय आणि चंद्रशेखर व्यंकट रामन होते. कुन्नूरच्या प्रयोगशाळेत आहारावर संशोधन करणारे रॉबर्ट मॅकॅरिसन होते, अलाहाबादजवळच्या नैनीला शेतीसंस्था उभारणारे सॅम हिगिनबॉटम होते, डॉ. अन्सारी, डॉ. जीवराज मेहता, डॉ. बिधानचंद्र रॉय होते. एका खेडेविषयक संस्थेच्या सल्लागारांत दोन नोबेल विजेते असावेत, ही त्या काळातही साधी गोष्ट नव्हती. तरीही कारभार या मंडळींकडे नव्हता. तो वेगळ्या व्यवस्थापक मंडळाकडे होता आणि सल्लागारांकडून अपेक्षा होती ती त्यांच्या विशेष ज्ञानाची. गांधीजींनी डॉक्टरांना विचारलेले प्रश्न अगदी रोखठोक होते. हातसडीच्या तांदळात जे सत्त्व असते ते गिरणीच्या पांढऱ्या तांदळात राहते का? गुळात साखरेपेक्षा जास्त काही आहे का? आलेली उत्तरे ‘हरिजन’मध्ये छापली जात, म्हणजे सल्ला बंद खोलीत न राहता वाचकांसमोर, वादासाठी खुला होत असे. सल्लागार मंडळाचा हा उपयोग आजही आदर्श मानण्यासारखा आहे.

ग्रामोद्योग संघ ऊर्जेसाठी स्थापन झाला नव्हता, हे खरे. पण घाणीला बैल लावायचा की इंजिन, भात हाताने सडायचे की गिरणीत, दिव्यात कोणते तेल घालायचे, चुलीत काय जाळायचे, हे सगळे प्रश्न शेवटी ऊर्जेचेच होते, आणि कुमारप्पांनी ते तसेच ओळखले. ते मूळचे हिशेबनीस. लंडनमध्ये लेखापरीक्षणाचे शिक्षण, अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्राचा अभ्यास, मग गुजरातेत मातर तालुक्याची आर्थिक पाहणी, असा त्यांचा प्रवास होता. गावातला पैसा कुठून येतो आणि कुठे जातो, हे पाहायची त्यांना सवय होती. रॉकेलच्या दिव्याकडे त्यांनी याच नजरेने पाहिले. रॉकेल परक्या कंपन्यांचे, त्याचा मोठा भाग ब्रह्मदेशातून येणारा. करंज, मोह आणि कडुलिंब मात्र गावच्या शिवारातच उभे. म्हणून मगनवाडीत वनस्पती तेलावर जळणारा कंदील तयार करण्यात आला आणि त्याला ‘मगन दीप’ हे नाव मिळाले. त्यातली अडचण शास्त्राची होती. रॉकेल पातळ असल्याने वातीतून सहज वर चढते. वनस्पती तेल दाट, वात त्याला फार उंच चढवत नाही, म्हणून तेलाचा साठा ज्योतीच्या जवळ ठेवावा लागतो आणि वातीवर धरणारी काजळी झाडावी लागते. भौतिकशास्त्राचा असा लहानसा नियम समजून घेऊन तो घरच्या कंदिलात उतरवणे, हेच तर तज्ज्ञाचे काम. १९४२ मध्ये ब्रह्मदेश जपानच्या हाती गेला आणि रॉकेलची टंचाई घरोघरी जाणवू लागली, तेव्हा कुमारप्पांचा हिशेब किती दूरदृष्टीचा होता हे दिसून आले. पुढे जबलपूरच्या तुरुंगात त्यांनी ‘इकॉनॉमी ऑफ परमनन्स’ लिहिले. कोळसा आणि खनिज तेल ही उपसली की संपणाऱ्या साठ्यासारखी, तर झाडे, पिके, जनावरे आणि माणसाचे श्रम ही वर्षानुवर्षे वाहत्या ओघासारखी, अशी फोड त्यांनी त्या पुस्तकात केली. ते १९४५ साली निघाले, म्हणजे १९७३ च्या तेलसंकटाच्या जवळजवळ तीन दशके आधी.

त्याआधीच कुमारप्पांना स्वतः सल्लागार होण्याची वेळ आली होती, आणि तो अनुभव वेगळा ठरला. नागपूर तेव्हा मध्य प्रांत आणि वऱ्हाडची राजधानी होती. १९३७ मध्ये प्रांतात काँग्रेसचे मंत्रिमंडळ आले आणि उद्योगांच्या पाहणीसाठी कुमारप्पांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. त्या काळच्या पद्धतीप्रमाणे कारखाने आणि भांडवलाचे आकडे मागवून अहवाल उरकता आला असता. समितीने शेकडो गावांत जाऊन शेतकऱ्याचे उत्पन्न, कर्ज, धंदे आणि उपलब्ध कच्चा माल यांची माहिती गोळा केली आणि उद्योगांची योजना त्यावर उभी केली. अहवाल १९३९ साली निघाला. त्याच वर्षाच्या अखेरीस महायुद्धाच्या प्रश्नावर काँग्रेसची मंत्रिमंडळे पायउतार झाली आणि ज्या सरकारने सल्ला मागितला होता तेच उरले नाही. प्रश्न गावातून गोळा झाले होते, उत्तरेही मेहनतीने लिहिली होती. ती गावात नेऊन पडताळणारे आणि चालवणारे हातच नाहीसे झाले. मगनवाडीच्या छोट्या कार्यशाळेत कंदील आकाराला आला आणि राजधानीतल्या अहवालातून फारसे काही उभे राहिले नाही. या फरकाचे कारण सल्लागाराच्या योग्यतेत शोधून सापडणार नाही, कारण दोन्हीकडे माणूस एकच होता.

साखळीचे दुसरे टोक, म्हणजे वापरणाऱ्याची कसोटी, सुटले की काय होते हे चुलीच्या इतिहासात दिसते. मातीची, धुराडे असलेली ‘मगन चूल’ ही भारतातल्या अगदी सुरुवातीच्या सुधारित चुलींपैकी एक. १९५० च्या दशकात हैदराबादच्या एस. पी. राजू यांनी हा विचार पुढे नेला आणि १९८३ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रम हाती घेतला. २००२ मध्ये तो गुंडाळला गेला तोवर देशभर तीन कोटींहून अधिक चुली बसवल्या गेल्या होत्या. त्यांतल्या पुष्कळशा वर्षा-दोन वर्षांत मोडल्या, नाहीतर तशाच पडून राहिल्या. तज्ज्ञ कमी नव्हते. राज्याराज्यांत तांत्रिक साहाय्य केंद्रे होती, प्रयोगशाळेत चुलींची औष्णिक कार्यक्षमता मोजली जात होती. पण विदर्भातल्या घरात चुलीत जातात त्या पऱ्हाट्या आणि तुराट्या. लांब, बारीक, भरभर जळणाऱ्या या काड्या उघड्या चुलीत हळूहळू आत सरकवता येतात. लहान तोंडाच्या बंद चुलीसाठी त्या मोडून बारीक कराव्या लागतात, आणि ते काम स्वयंपाक करणाऱ्या बाईच्याच अंगावर पडते. ज्वारीची भाकर तव्यावरून उतरवली की निखाऱ्यासमोर उभी करून शेकायची असते. निखारे पुढे ओढायला जागाच नसेल तर चूल कितीही कार्यक्षम असो, भाकर नीट शेकली जात नाही. धुराडे काजळीने भरले की ते कुणी साफ करायचे, याची तजवीज अनुदानाच्या हिशेबात नव्हती. जी बाई दोन वेळा चुलीपुढे बसते तिचा सल्ला आधी घेतला असता, तर यातल्या निम्म्या गोष्टी पहिल्याच दिवशी कळल्या असत्या. १९३४ च्या थोर नामावलीतही चुलीपुढे बसणारी खेड्यातली बाई नव्हती, ही उणीव मोकळेपणाने मान्य करायला हवी.

गोबरगॅसची कहाणी याहून बोधक आहे, कारण तिथे यंत्र चांगले चालले. जशभाई पटेल यांनी १९५० च्या दशकात विकसित केलेला, तरंगत्या पोलादी टाकीचा ‘ग्रामलक्ष्मी’ संच खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने उचलून धरला, आणि १९८१-८२ पासून राष्ट्रीय कार्यक्रमातून गोबरगॅस गावोगाव पोचू लागला. शेणातून जळणारा वायू मिळतो आणि उरलेली मळी खत म्हणून शेतात जाते, यात खोट काढायला जागा नाही. खोट होती ती गावाच्या आर्थिक रचनेकडे झालेल्या दुर्लक्षात. दोन घनमीटरच्या घरगुती संचाला रोज सुमारे ५० किलो शेण लागते, म्हणजे चार-पाच मोठी जनावरे हवीत. ज्याच्याकडे एक गाय किंवा दोन शेळ्या आहेत, त्याला अनुदान मिळूनही उपयोग नाही. शिवाय पूर्वी रस्त्यावरचे, रानातले शेण वेचून भूमिहीन बाया गोवऱ्या थापत. शेणाला भाव आला की फुकटचे जळणही आटते. संचाचा अभियंता चुकला नव्हता. जनावरे कुणाच्या दावणीला आहेत, हा प्रश्न त्याला कुणी विचारलाच नव्हता, आणि स्वतःहून तो विचारणे त्याने आपल्या कामात धरले नव्हते.

यावर आक्षेप येतील, आणि ते हलके नाहीत. पहिला असा, की नामवंतांची यादी ही नुसती शोभा नसते. १९३४ मध्ये ग्रामोद्योगाकडे पाहून, हे लोक देशाला मागे नेत आहेत, अशी टीका होत होती. रामन आणि बोस यांच्या नावांमुळे संघाला शास्त्राचे वावडे नाही हे जगाला दिसले, निधीसाठी आणि कार्यकर्त्यांसाठी दारे उघडली. हे मला मान्य आहे. पण नावाने दार उघडते तेवढेच. दाराच्या आत काम पुढे नेले ते मगनवाडीत वर्षानुवर्षे राहून घाणी, कागद आणि कंदिलाशी झटणाऱ्यांनी. ज्या संस्थेकडे यादी आहे पण असा एकही मुक्कामी माणूस नाही, तिने यादीवर भिस्त ठेवू नये.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. वायूची गळती, कर्बवायूची विषबाधा, बॅटरीतले आम्ल, विजेचा धक्का, या बाबी गावाच्या कौलावर सोडायच्या का? मुळीच नाही. सुरक्षिततेच्या प्रश्नात शेवटचा शब्द तज्ज्ञाचाच असला पाहिजे आणि लोकप्रियतेसाठी त्यात तडजोड होता कामा नये. पण धोका कशात आहे हे सांगणे वेगळे आणि कोणती वस्तू घरात ठेवण्याजोगी आहे हे ठरवणे वेगळे. पहिल्याला प्रयोगशाळा लागते, दुसऱ्याला रोजचा संसार. राष्ट्रीय चूल कार्यक्रमात या दोहोंची सरमिसळ झाली. कार्यक्षमतेचा आकडा पुरेसा आला की चूल ‘योग्य’ ठरली, आणि ती कोपऱ्यात पडली तर दोष गावाच्या अडाणीपणावर टाकला गेला.

तिसरा आक्षेप असा, की मगन दीप आज कुणाच्या घरात नाही. वीज आली, गॅस सिलिंडर आले, मग या फसलेल्या प्रयोगाचे गोडवे कशाला? दिवा मागे पडला, यात शंका नाही, आणि वीज आली हे चांगलेच झाले. मात्र वीज जवळ आली म्हणून ती सर्वांना मिळाली, असे घडले नाही. नागपूरच्या वेशीवरचे कोराडीचे औष्णिक केंद्र १९७४ मध्ये सुरू झाले, नंतर खापरखेडा आले. विदर्भाचा कोळसा राज्याला उजेड देत राहिला, तरी विदर्भातलेच कित्येक आदिवासी पाडे पुढे अनेक वर्षे अंधारात होते, आणि राख व धूर मात्र जवळच्या गावांच्या वाट्याला आला. ऊर्जा कुठून येते, तिचा पैसा कुठे जातो आणि झळ कुणाला बसते, हा कुमारप्पांनी मांडलेला हिशेब म्हणूनच अजून बाद झालेला नाही. १९७६ साली देवेंद्रकुमार यांनी वर्ध्यात ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र सुरू केले ते याच परंपरेतून.

आज या कामासाठी नागपूर-वर्धा परिसराइतकी अनुकूल जागा महाराष्ट्रात थोडीच असेल. १९५८ मध्ये स्थापन झालेली आणि १९७४ पासून नीरी या नावाने ओळखली जाणारी राष्ट्रीय संस्था नागपुरात आहे. तिने धूर आणि हवा यांचा अभ्यास केला, ‘नीरधूर’ नावाची बहुइंधनी चूलही तयार केली. मगनवाडीच्या आवारात महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था आहे. ज्ञान आहे, माणसे आहेत, आता सौरपटलेही पूर्वीपेक्षा पुष्कळ स्वस्त झाली आहेत. म्हणून ऊर्जेचे काम करणाऱ्या सेवाभावी संस्थांनी आपल्या सल्लागारांकडून तीन गोष्टी नेमाने मागाव्यात. सल्ला देण्याआधी त्यांनी वस्तीत जाऊन प्रश्न ऐकावेत. दिलेला सल्ला आणि त्यामागची कारणे मराठीत, वस्तीला वाचता येतील अशी लिहून द्यावीत. आणि वर्षाने परत येऊन किती वस्तू चालू आहेत, किती बंद, आणि का, हे वापरणाऱ्यांच्याच तोंडून ऐकावे. मंडळावर चूल पेटवणारी बाई आणि वस्तीतला तारजोडणी करणारा कारागीर, या दोघांना प्राध्यापकाच्या बरोबरीची जागा असावी. रामन यांच्या काळात हे सुचले नसेल तर समजू शकते. तीन कोटी चुलींचा अनुभव गाठीशी असताना ते न करणे मात्र क्षम्य नाही, कारण त्या चुकीची किंमत सल्लागाराला मोजावी लागत नाही; ती धुरात बसणाऱ्या घराला मोजावी लागते.